डावं इंजिन, उजवं इंजिन: केगवर्थच्या अपघाताचं पूर्ण प्रकरण

८ जानेवारी १९८९, रविवारची संध्याकाळ. ब्रिटिश मिडलंडचं बोइंग ७३७-४०० लंडनच्या हीथ्रोवरून बेलफास्टला निघालं, ७ वाजून ५२ मिनिटांनी टेकऑफ, आत ११८ प्रवासी आणि ८ क्रू. तेरा मिनिटांनी, २८,३०० फुटांवरून वर चढत असताना, डाव्या इंजिनातलं एक फॅन ब्लेड, म्हणजे तोंडाशी फिरणाऱ्या पंख्याचं पातं, मोडलं. पायलटांनी उजवं इंजिन बंद केलं. ८ वाजून २४ मिनिटांनी विमान ईस्ट मिडलंड्स विमानतळाच्या धावपट्टीच्या साधारण ९०० मीटर अलीकडे, केगवर्थ गावाशेजारी, एम१ मोटरवेच्या बांधावर आदळलं. ३९ जण जागीच गेले, ८ जण नंतर हॉस्पिटलमध्ये, एकूण ४७.

हे प्रकरण सगळीकडे एका ओळीत उरकतात, ‘पायलटांचा डावा-उजवा गोंधळ झाला’, आणि मला ती ओळ अजिबात पटत नाही. कारण तेरा हजार तास उडालेल्या कॅप्टनला डावं-उजवं कळत नव्हतं असं कसं म्हणणार. त्याला कळत होतं, प्रवाशांनाही कळत होतं, मागच्या क्रूलाही. भानगड अशी की एकाच इंजिनाची जागा तीन ठिकाणांहून तीन वेगळ्या पद्धतीने दिसत होती, डायलवर एक, लिव्हरवर एक आणि खिडकीतून एक, आणि या तिन्ही गोष्टी कुणी एकदाही एकमेकांना जोडून बघितल्या नाहीत. मी विमानांच्या मेंटेनन्समध्ये आहे, त्यामुळे मला हे प्रकरण पायलटच्या चुकीपेक्षा जागा सांगण्याच्या भाषेचं जास्त वाटतं.

आधी ती भाषाच थोडी बघू, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल.

विमानात डावं-उजवं हे बोलणाऱ्या माणसाचं नसतं, विमानाचं असतं. शेपटीकडून नाकाकडे तोंड केल्यावर जे डावीकडे ते डावं, बस्स. बैलजोडीत डावा बैल डावाच असतो ना, समोरून येणाऱ्याला तो उजवीकडे दिसला म्हणून काही उजवा होत नाही, तसंच. इंजिनांचे नंबर डावीकडून उजवीकडे, म्हणून ७३७ ला एक नंबर म्हणजे डावं आणि दोन नंबर म्हणजे उजवं, आणि जंबोला डाव्या टोकापासून एक दोन तीन चार. दारंही एल१ आर१ अशी, पुढून मागे नंबर वाढत जातात. सीटमध्ये ए ही डाव्या खिडकीची. पंखाच्या टोकाला डावीकडे लाल दिवा, उजवीकडे हिरवा, शेपटीला पांढरा, आणि ही रंगांची पद्धत सरळ जहाजावरून उचललेली आहे. तिथे डावी बाजू म्हणजे पोर्ट, लाल, आणि उजवी म्हणजे स्टारबोर्ड, हिरवी. मर्चंट नेव्हीतली आपली पोरं सुट्टीवर घरी आली तरी पोर्ट-स्टारबोर्डच बोलतात, पण प्रवासी विमानाच्या कॉकपिटमध्ये ते शब्द फारसे टिकले नाहीत, तिथे लेफ्ट-राइट किंवा सरळ नंबर.

जहाजाचा वारसा आमच्या ड्रॉइंगमध्ये मात्र अजून ठणठणीत आहे. विमानाच्या अंगावरची कुठलीही जागा सांगायला तीन आकडे लागतात. नाकाच्याही पुढे एक काल्पनिक शून्य धरायचं आणि तिथून मागे किती इंच ते स्टेशन, उंची म्हणजे वॉटर लाइन, आणि मधल्या रेषेपासून डावीकडे-उजवीकडे किती ते बटक लाइन, शब्दशः ढुंगणाची रेष. आता विमानात कसलं आलंय पाणी, पण जहाज बांधणाऱ्यांची भाषा तशीच्या तशी हँगरमध्ये येऊन बसलीय. पहिल्यांदा ऐकणारं प्रत्येक ट्रेनी पोरगं बटक लाइनला हसतं.

इंजिनाजवळ गेलं की अजून एक गंमत. इंजिनावरची जागा घड्याळाच्या काट्यासारखी सांगतात, तीन वाजता, नऊ वाजता, आणि ती कायम मागून पुढे बघत, आफ्ट लुकिंग फॉरवर्ड. पण फॅन ब्लेड तपासायला माणूस उभा राहतो इंजिनाच्या तोंडासमोर, म्हणजे बरोबर उलटा, त्यामुळे त्याला जे तीन वाजता दिसतं ते कागदावर नऊ वाजता लिहायचं असतं. वरून इनबोर्ड-आउटबोर्ड आहेच, म्हणजे बॉडीकडची बाजू आणि पंखाच्या टोकाकडची बाजू. दोन्ही पंखांखाली इंजिन तेच लागतं, त्यामुळे समजा ऑइल टँक इंजिनाच्या उजव्या अंगाला असेल तर डाव्या पंखाखाली तो इनबोर्ड होतो आणि उजव्या पंखाखाली आउटबोर्ड. म्हणून शिफ्ट बदलताना नुसतं ‘टँकच्या बाजूचं कव्हर’ म्हणून चालत नाही, इंजिन नंबर आणि घड्याळाची जागा दोन्ही लिहावी लागते. हे सगळं डोक्यात बसायला वेळ लागतो आणि बसल्यावरही थकलेल्या माणसाचा हात चुकीच्या बाजूला जातोच, म्हणून तर प्रत्येक ठिकाणी दुसऱ्याची सही असते.

आता त्या रात्रीकडे.

ब्लेड मोडलं म्हणजे फॅनचं संतुलन गेलं, इंजिन थरथरायला लागलं, कंप्रेसर ढेकर देतो तसे धक्के बसायला लागले, पूर्ण विमान हादरत होतं आणि आत जळका वास आणि धूर यायला लागला. फायर वॉर्निंग नाही, कुठला दिवा नाही, घंटा नाही. ७३७ मध्ये पुढे बसून आपलं इंजिन दिसत नाही, ते मागे पंखाखाली लटकलेलं असतं. म्हणजे पायलटांच्या हातात काय होतं, तर हादरा, वास, आणि समोरचे डायल.

कॅप्टनने ऑटोपायलट काढला आणि विचारलं की कुठलं इंजिन. को-पायलटचं उत्तर कॉकपिट व्हॉइस रेकॉर्डरवर आहे आणि या क्षेत्रातल्या जवळजवळ प्रत्येकाला ते पाठ आहे: ‘इट्स द ले... इट्स द राइट वन.’ म्हणजे डावं म्हणायला तोंड उघडलं होतं, अर्ध्यावर शब्द फिरवला. का फिरवला ते त्यालाही नंतर सांगता आलं नाही. कॅप्टन म्हणाला, ठीक आहे, थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचा लिव्हर) मागे घे.

कॅप्टनचं स्वतःचं लॉजिक वेगळं होतं आणि ते मूर्खपणाचं नव्हतं. धूर प्रवाशांच्या केबिनमधून पुढे येतोय असं त्याला वाटलं, आणि केबिनला हवा मुख्यतः उजव्या इंजिनाकडून जाते असं त्याच्या डोक्यात बसलेलं, म्हणजे धूर केबिनचा, म्हणजे उजवं इंजिन. आधी उडवलेल्या विमानांसाठी हा हिशोब चालला असता. ७३७-४०० मध्ये हवेची वाटणी इतकी सरळ नव्हती. म्हणजे इथेही तो बाजूच ओळखत होता, पण वासावरून, आणि वासाला डावी-उजवी नसते.

मग घडला तो योगायोग ज्याने सगळ्यांचा घात केला. उजव्या इंजिनाचा थ्रॉटल मागे घेताना त्याआधी ऑटोथ्रॉटल, म्हणजे थ्रॉटल आपोआप सांभाळणारी यंत्रणा, काढला गेला होता. हा ऑटोथ्रॉटल इतका वेळ खराब झालेल्या डाव्या इंजिनाला ‘ताकद कमी पडतेय, अजून घे’ म्हणून जास्तीचं इंधन ढकलत होता. तो निघाल्याबरोबर डाव्या इंजिनाचं इंधन कमी झालं, ते जरा शांत झालं, धक्के थांबले, धूरही कमी झाला. आणि नेमकं त्याच क्षणी पायलटांनी काय केलेलं, तर उजवं मागे ओढलेलं. झालं, दोघांची खात्री पटली. ‘उजवं मागे घेतलं आणि त्रास थांबला’ यापेक्षा पक्का पुरावा अजून काय पाहिजे माणसाला. मला विचाराल तर प्रकरणाचा काटा इथे फिरतो, तोपर्यंतची चूक दुरुस्त होण्यासारखी होती.

हादरा सुरू झाल्यावर २ मिनिटं ७ सेकंदांनी उजवं, चांगलं, धडधाकट इंजिन पूर्ण बंद झालं.

डायलचं बघू आता, कारण सगळ्यात जास्त उपयोगाचं मला तिथेच सापडतं. ७३७-४०० मध्ये इंजिनांचे काट्यांचे जुने डायल जाऊन इलेक्ट्रॉनिक डिस्प्ले आला होता. मधल्या पॅनेलवर दोन गट. डाव्या गटात दोन्ही इंजिनांचे मुख्य आकडे, एन१ आणि एन२ (इंजिनातल्या दोन फिरत्या भागांचे वेग), एक्झॉस्टचं तापमान, फ्युएल फ्लो. उजव्या गटात दोन्ही इंजिनांचे दुय्यम आकडे, ऑइलचं प्रेशर, ऑइलचं तापमान, आणि व्हायब्रेशन. आता प्रत्येक गटात पुन्हा डावी ओळ एक नंबरची आणि उजवी ओळ दोन नंबरची. म्हणजे काय झालं बघा, डाव्या इंजिनाचं व्हायब्रेशन दाखवणारा डायल पॅनेलच्या उजव्या अर्ध्यात, आणि खाली थ्रॉटल मात्र आपले डावा-उजवा बाजूबाजूला. पायलटला नजरेने एकदा ‘उजव्या गटातली डावी ओळ’ असं वाचायचं आणि मग हाताला सांगायचं की डावा लिव्हर. दिवाणखान्यात बसून हे सोपं वाटतं. विमान खडखडत असताना, धूर नाकात जात असताना, आकडे धड वाचताही येत नसताना तेवढं एक जास्तीचं भाषांतर डोक्यात करायचं म्हणजे चुकायला जागा ठेवलीच. तपासाच्या रिपोर्टमध्ये या मांडणीवर चांगली पानं खर्ची पडलीत, प्रत्येक इंजिनाचे सगळे डायल त्याच्याच थ्रॉटलच्या सरळ वर एका रांगेत असते तर काय, असा विचार त्यात आहे.

त्यात तो व्हायब्रेशनचा डायल होता छोटासा. पूर्वी मोठा काटा फिरायचा, आता त्याच्या जागी आकड्यांच्या बाहेरच्या कडेने फिरणारा प्रकाशाचा बारीक तुकडा. धोक्याची लाल पट्टी नाही. आणि खरं सांगायचं तर जुन्या पिढीच्या पायलटांचा या डायलवर विश्वासच नव्हता, कारण आधीच्या विमानांत तो कायम खोटं बोलायचा, त्याच्याकडे बघू नका असंच शिकलेले. नवा डायल खरं सांगत होता, डाव्याची खूण वर जाऊन टोकाला चिकटलेली होती आणि बराच वेळ तिथेच होती, फ्लाइट रेकॉर्डरवर ते सगळं आहे. कुणी बघितलं नाही.

बघितलं नाही याला अजून एक कारण, दोघांचे मिळून या मॉडेलवर ७६ तासच झाले होते, कॅप्टनचे २३ आणि को-पायलटचे ५३. ७३७-३०० वरून ४०० वर यायला एक दिवसाचा ऑडिओ-व्हिज्युअल कोर्स, आणि हा नवा डिस्प्ले असलेला सिम्युलेटर त्यांच्या ट्रेनिंगला उपलब्ध नव्हता. म्हणजे या डिस्प्लेशी अशी घाईत गाठ पडायची त्यांची पहिलीच वेळ होती.

आणि जुने पायलट म्हणतील की पाय सांगतो ना, कुठलं इंजिन गेलं ते पायाला कळतं, डेड फूट डेड इंजिन. बरोबर आहे, इंजिन पूर्ण मेलं तर विमान त्या बाजूला वळतं, सरळ ठेवायला दुसऱ्या पायाने रडर, म्हणजे शेपटीवरच्या सुकाणूचं पेडल, दाबावं लागतं, जो पाय रिकामा त्या बाजूचं इंजिन मेलेलं. पण इथे डावं इंजिन मेलं नव्हतं, ते आजारी होतं आणि तरी ढकलत होतं. पायाला सांगण्यासारखं त्याच्याकडे फार काही नव्हतं.

आता केबिन. रात्रीची वेळ, बाहेर काळोख, त्यामुळे डाव्या बाजूच्या खिडक्यांतून ठिणग्या आणि ज्वाळा अगदी स्पष्ट दिसत होत्या. बऱ्याच प्रवाशांनी बघितल्या. मागे असलेल्या केबिन क्रूपैकी तिघांनाही डाव्या इंजिनातून आगीची चिन्हं दिसली. म्हणजे डायल जे सांगत होता तेच खिडकी सांगत होती, आणि खिडकीत तर कुठलं भाषांतरही करायचं नव्हतं.

कॅप्टनने फ्लाइट सर्व्हिस मॅनेजरला पुढे बोलावलं आणि विचारलं की मागे धूर आला का. तो म्हणाला, हो आला. त्याला केबिन आवरून घ्यायला सांगितलं. साधारण मिनिटभराने तो परत आला, त्रास देतोय म्हणून माफी मागून म्हणाला की प्रवासी फार घाबरलेत. म्हणजे दोन वेळा माणूस कॉकपिटच्या दारात येऊन गेला आणि दोन्ही वेळा ‘कुठल्या बाजूला’ हा प्रश्न ना विचारला गेला ना त्याचं उत्तर दिलं गेलं. प्रश्न होता धुराचा, उत्तर आलं धुराचं. मला हा तुकडा वाचताना दर वेळी जीव वर-खाली होतो, कारण एवढं जवळ येऊन ते निसटलंय.

मग कॅप्टनने प्रवाशांसाठी घोषणा केली, शांत आवाजात, उजव्या इंजिनात बिघाड झाला होता, त्यामुळे थोडा धूर झाला, ते आता बंद केलंय आणि आपण साधारण दहा मिनिटांत ईस्ट मिडलंड्सला उतरतोय. उजव्या. डाव्या खिडकीतून आग बघितलेल्या प्रवाशांपैकी अनेकांना ते खटकलं, चौकशीत त्यांनी तसं सांगितलं. पण क्रूला कुणीच बोललं नाही. आणि ज्या क्रूने आग बघितली होती त्यांच्या कानात तो ‘उजवा’ शब्द शिरलाच नाही, घोषणेतला तेवढा तपशील त्यांनी धरला नाही.

प्रवासी का बोलले नाहीत हे मला तरी समजतं. कॅप्टन सांगतोय म्हणजे त्याला माहीत असणार, शिवाय आपणच उलटं समजत असू, त्यांच्या भाषेत उजवं म्हणजे काहीतरी वेगळं असेल. ही दुसरी शंका लोक हसण्यावारी नेतात, पण जहाजावर-विमानावर बाजूंची भाषा वेगळी असते एवढं सगळ्यांनी ऐकलेलं असतं, नेमकी काय वेगळी ते कुणाला माहीत नसतं, आणि अर्धवट माहिती असलेला माणूस गप्पच बसतो. केबिन क्रूची अडचण थोडी निराळी. ते दिवसभर ट्रॉली घेऊन कधी पुढे तोंड तर कधी मागे तोंड करून चालतात, जंपसीटवरही, म्हणजे क्रूच्या घडीच्या सीटवर, काही जण मागे तोंड करून बसतात, त्यांच्या शरीराचं डावं-उजवं विमानाच्या डाव्या-उजव्याशी दर मिनिटाला जुळतं आणि तुटतं. त्या रात्री याच्यामुळे कुणी चुकलं असं कुठे नोंदलेलं नाही, पण घोषणेतल्या बाजूच्या शब्दाकडे दुर्लक्ष होणं या लोकांच्या बाबतीत मला तरी नवल वाटत नाही.

अजून एक संधी होती. उतरायला लागल्यावर कॅप्टनने थांबून उजळणी सुरू केली, की आपल्याला नक्की काय काय संकेत मिळाले होते, विमानात जोराचा थरथराट आणि धूर... आणि तेवढ्यात रेडिओवर कंट्रोलचा मेसेज आला, खाली उतरायची पुढची परवानगी. त्याने उत्तर दिलं, मग को-पायलट कॉम्प्युटरमध्ये ईस्ट मिडलंड्सची माहिती भरण्यात अडकलेला, चेकलिस्ट, फ्रिक्वेन्सी, आणि ती उजळणी अर्धी राहिली ती राहिलीच.

उतरताना इंजिन जवळजवळ आयडलवर, म्हणजे सगळ्यात कमी ताकदीवर, असतं, त्यामुळे डावं गप्प होतं. शेवटच्या टप्प्यात ताकद वाढवावी लागली आणि धावपट्टीपासून २.४ नॉटिकल मैलांवर, ९०० फूट उंचीवर, डाव्या इंजिनाने जीव टाकला. आता फायर वॉर्निंग वाजली. उजवं सुरू करायचा प्रयत्न झाला पण तेवढा वेळ आणि वेग दोन्ही नव्हतं. आदळायच्या काही सेकंद आधी ‘प्रिपेअर फॉर क्रॅश लँडिंग’ एवढं प्रवाशांना सांगता आलं. शेपूट एम१ च्या पूर्वेकडच्या शेतात घासली आणि विमान रस्ता ओलांडून पश्चिमेच्या बांधावर आदळून तुटलं. इतका वाहता मोटरवे, पण एकाही गाडीला लागलं नाही. वाचलेल्या ७९ पैकी ७४ जण गंभीर जखमी होते, दोन्ही पायलटही त्यात.

ब्लेड का मोडलं तेही सांगतो, कारण ती चूक पायलटांच्या खात्यात नाही. सीएफएम५६ इंजिनाची ही जास्त ताकदीची आवृत्ती होती, आणि जास्त उंचीवर जास्त ताकदीला फॅन ब्लेडला असा कंप सुटत होता जो जमिनीवरच्या टेस्टमध्ये दिसलाच नव्हता. धातू थकून ब्लेडचा बाहेरचा तुकडा उडाला. त्याच वर्षी जूनमध्ये दोन दिवसांच्या अंतराने अजून दोन ७३७-४०० चं तसंच झालं, एक डॅन-एअरचं आणि एक ब्रिटिश मिडलंडचंच, दोन्ही सुखरूप उतरली. मग कुठे हे मॉडेल तात्पुरतं जमिनीवर आलं आणि ब्लेडमध्ये सुधारणा झाली. दोष मात्र पायलटांवरही आला आणि पुढे दोघांना नोकरीवरूनही काढलं.

या सगळ्यात जहाजांचा धडा कुठे बसतो, तर बरोबर शब्द आणि हाताची क्रिया यांच्यामधल्या फटीत. टायटॅनिकवर १४ एप्रिल १९१२ च्या रात्री हिमनग दिसल्यावर ऑर्डर गेली ‘हार्ड अ स्टारबोर्ड’, आणि जहाज वळलं पोर्टला, म्हणजे डावीकडे. चूक नव्हती ती, त्या काळची रीतच तशी. ऑर्डर जहाजाच्या नाकाची नव्हती, जुन्या सुकाणूच्या दांड्याची होती, दांडा स्टारबोर्डला ढकलला की जहाज पोर्टला वळतं. दांडा जाऊन चाक आलं त्याला जमाना झाला होता तरी ऑर्डर दांड्याचीच चालू. १९३० च्या दशकात ब्रिटिश जहाजांवर ती बदलली आणि जिकडे शब्द तिकडे नाक असं झालं. त्याआधी १८४४ मध्ये ब्रिटिश नौदलाने डाव्या बाजूचा जुना शब्द लारबोर्ड बाद करून पोर्ट केला, कारण वाऱ्यात ओरडल्यावर लारबोर्ड आणि स्टारबोर्ड कानाला सारखेच लागायचे. म्हणजे दर्यावर्दी लोकांनी दोन गोष्टी धरल्या, दोन बाजूंचे शब्द ऐकायला वेगळे पाहिजेत आणि शब्दातली बाजू हीच हाताची बाजू पाहिजे. ७३७-४०० च्या पॅनेलवर शब्द आणि नंबर व्यवस्थित होते, दुसरी गोष्ट मात्र सुटली होती.

नंबरच्या बाबतीत तर जहाज आणि विमान अजूनही जुळत नाहीत. टायटॅनिकच्या लाइफबोटी बघा, विषम नंबर स्टारबोर्डला आणि सम नंबर पोर्टला. म्हणजे जहाजावर एक नंबरची बोट उजवीकडे आणि विमानात एक नंबरचं इंजिन डावीकडे. नौदलातून विमान कंपनीत आलेला माणूस पहिले काही महिने हे उलटंपालटं करतोच, आमच्याकडे असे दोघंतिघं आहेत आणि त्यांची मजाही घेतली जाते, पण हँगरमध्ये मजा घेणं ठीक आहे, तिथे इंजिन बंद असतं.

रिपोर्ट १९९० मध्ये आला आणि त्यातून बरंच काही बदललं. आदळताना कसं वाकून बसायचं यावर नॉटिंगहॅममध्ये खास संशोधन झालं, डोक्यावरचे सामानाचे कप्पे पडून लोक जखमी झाले होते त्याकडे लक्ष गेलं. आपल्या विषयापुरतं महत्त्वाचं म्हणजे केबिन आणि कॉकपिट यांचं एकत्र ट्रेनिंग. आता केबिन क्रूला शिकवतात की आग दिसली तर नुसतं ‘आग’ नाही, विमानाची कुठली बाजू, इंजिन नंबर, काय दिसतंय, ज्वाळा का धूर का ठिणग्या. आणि कॉकपिटमध्ये इंजिन बंद करताना एकजण लिव्हरवर हात ठेवून म्हणतो नंबर एक, दुसरा डायल बघून म्हणतो नंबर एक कन्फर्म, मगच हात हलतो. प्रत्येक पायरीला, थ्रॉटलला वेगळं, इंधनाच्या लिव्हरला वेगळं, फायर हँडलला वेगळं. पायलटला बाहेरून इंजिन दिसावं म्हणून कॅमेऱ्यांचा विचार व्हावा असंही रिपोर्टने म्हटलं होतं, तो मात्र सार्वत्रिक झाला नाही. आजही ७३७ मध्ये पुढे बसलेल्याला स्वतःचं इंजिन दिसत नाही.

आणि कन्फर्मची ही पद्धत असूनही ४ फेब्रुवारी २०१५ ला तैपेईत ट्रान्सएशियाच्या एटीआर ७२-६०० चं काय झालं बघा. टेकऑफनंतर लगेच दोन नंबरच्या, म्हणजे उजव्या, इंजिनाचा प्रोपेलर आपोआप फेदर झाला, म्हणजे पाती वाऱ्याला समांतर होऊन जोर द्यायचा थांबली. डिस्प्लेवर ठळक अक्षरात दोन नंबरचं इंजिन गेलं असं लिहिलेलं होतं, केगवर्थसारखा बारीक प्रकाशाचा तुकडा नव्हता. कॅप्टन म्हणाला की मी एक नंबर मागे घेतो. शेजारचा थांबा, क्रॉसचेक करू म्हणत होता, तोवर हात हललेला होता. शेवटी कॅप्टनचं स्वतःचं वाक्य रेकॉर्डरवर आहे, की चुकीच्या बाजूचा थ्रॉटल ओढला. विमान एका उंच रस्त्याला आणि त्यावरच्या टॅक्सीला पंख घासून कीलुंग नदीत पडलं, ५८ पैकी ४३ जण गेले.